फोर्कलिफ्ट चालवायचीय? आधी तराजू समजून घ्या

मागच्या महिन्यात आमच्या गोडाऊनला एक नवीन पोरगा आला, तीन वर्षं टेम्पो चालवलेला, हात एकदम साफ. मी विचारलं फोर्कलिफ्टवर कधी बसलायस का, तर म्हणाला, "दादा, चार चाकं आणि स्टेअरिंग आहे ना, मग द्या चावी." चावी दिली नाही. त्याला तासभर नुसतं मशीनभोवती फिरवलं आणि जे जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण असे पोरगे सगळीकडे येतायत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना पहिल्या दिवशीच चावी मिळते.

माझ्याबद्दल एवढंच की सोळा वर्षं या सीटवर काढलीयत, आधी भिवंडीत काल्हेर-पूर्णाच्या साइडला, मग न्हावा शेवाला कंटेनरच्या कामावर, आता चेंबूरहून हार्बर पकडून कॉटन ग्रीनला उतरतो. मी इंजिनियर नाही. पण मशीन कधी उलटते आणि का उलटते हे बघून बघून कळलंय.

तर पहिली गोष्ट, ही गाडी नाही, हा तराजू आहे. वाण्याकडचा जुना तराजू डोळ्यासमोर आणा, मधे काटा, एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजनं. फोर्कलिफ्टमध्ये तो मधला काटा म्हणजे पुढची दोन चाकं, पुढे फोर्कवर, म्हणजे त्या दोन लोखंडी दातांवर, तुमचा माल आणि मागे तो लोखंडाचा भलामोठा ठोकळा, काउंटरवेट. पुढचं पारडं जड झालं की मागची चाकं उचलली जाणार, एवढा साधा हिशोब आहे आणि ह्या मशीनचे निम्मे नियम ह्या एकाच हिशोबातून निघतात. तीन टनाची डिझेल फोर्कलिफ्ट स्वतः चार टनांच्या वर भरते, म्हणजे फुल लोड घेतला की सात टनांच्या वर वजन आणि त्यातलं जवळजवळ सगळं पुढच्या दोन चाकांवर. हे डोक्यात ठेवा, कारण आपल्याकडच्या जुन्या गाळ्यांमध्ये गटाराच्या चेंबरवर जी झाकणं असतात ती ह्या वजनासाठी बनवलेलीच नसतात. अनोळखी जागेत गेलात की आधी पायी एक चक्कर मारा, झाकणं कुठे, कोबा कुठे फुटलाय, वायर कुठे लोंबतेय, शटरची उंची किती, आणि गुड्स लिफ्टमध्ये किंवा माळ्यावर मशीन न्यायला सांगितलं तर आधी तिथली कपॅसिटी विचारा, मालाची नाही, मशीन धरून विचारा.

आता प्लेट. प्रत्येक मशीनवर सीटच्या आसपास एक पत्र्याची प्लेट असते, बऱ्याच जणांनी ती आयुष्यात वाचलेली नसते, त्यावर ग्रीस बसलेलं असतं. फडक्याने पुसा आणि वाचा. त्यावर लिहिलेलं असतं समजा ३००० किलो आणि बाजूला ५०० एमएम. हा ५०० चा आकडा काय, तर लोड सेंटर, म्हणजे फोर्क जिथे आडव्याचा उभा होतो त्या पाठीपासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर. म्हणजे तीन टन तुम्ही उचलू शकता पण मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तरच. दीड मीटर लांब पेटी आडवी न घेता लांबीने उचलली तर मध्य गेला पाऊण मीटरवर. पुढच्या चाकाच्या मध्यापासून फोर्कच्या पाठीपर्यंत मोठ्या मशीनला साधारण अर्धा मीटर धरा. तीन टन गुणिले एक मीटर (अर्धा अधिक अर्धा) म्हणजे तीन, तेच तीन आता सव्वा मीटरने (अर्धा अधिक पाऊण) भागायचे, आले २.४ टन. माल तोच, मशीन तेच, पण सहाशे किलो कपॅसिटी नुसती पेटी फिरवल्यामुळे गेली. हा समजण्यापुरता हिशोब झाला, खरा आकडा तुमच्या प्लेटवरचाच धरायचा. आणि मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा तो पुढचा उभा सांगाडा, खूप वर नेला की कपॅसिटी अजून कमी होते, साइडशिफ्ट (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा) किंवा क्लॅम्प (माल चिमटीत धरणारा) लावला असेल तर त्याचं स्वतःचं वजन आणि वर तो माल पुढे ढकलतो म्हणून अजून कमी. फोर्कवर स्लीव्ह, म्हणजे लोखंडी खोळ, घालून लांब केले म्हणून मशीनची ताकद वाढत नाही.

ह्यावरून एक आठवलं. एका गोडाऊनमध्ये (नाव नको) मशिनरीची पेटी उतरवायची होती, मशीन होतं दोन टनाचं, पेटी त्याच्यापेक्षा जड. उचलायला गेलो की मागची चाकं हलकी होत होती. सुपरवायझरने काय केलं तर तीन लोडर बोलावले आणि म्हणाला मागे काउंटरवेटवर बसा. बसले पण बिचारे, हसत हसत, एकाने मोबाइलवर फोटो पण काढला. मी तेव्हा नवीन होतो, नाही म्हणायची हिंमत नव्हती. पेटी अर्धा फूट वर आली, मी थोडी रिव्हर्स घेतली आणि मागचं एक चाक फुटलेल्या कोब्यात गेलं, मशीन असं गदकन हललं की मागचे तिघं खाली. एकाचा पाय चाकापासून वीतभर लांब होता. त्या दिवशी मला घाम का फुटला ते कळलंच असेल. तर मागे माणसं बसवणं, मागे दुसऱ्या मशीनने दाबून धरणं, काउंटरवेटवर जास्तीचं लोखंड बांधणं, हे सगळं बंद. मागची चाकं हलकी वाटली की त्याचा एकच अर्थ, खाली ठेवा. आणि तेव्हा ब्रेक मारायचा नाही, पळवायची नाही, जिथे आहे तिथेच हळू माल खाली.

पुढे पडण्यापेक्षा बाजूला पडणं जास्त वाईट असतं आणि ते बहुतेक वेळा रिकाम्या मशीनवर होतं. ऐकायला उलटं वाटतं ना. मशीनच्या खाली एक त्रिकोण समजा, पुढच्या दोन चाकांचे दोन कोपरे आणि मागे तिसरा कोपरा मागच्या ॲक्सलच्या मध्यावर, कारण तो ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो. मशीनचं एकूण वजन ह्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर उभी. माल घेतला की ते वजन पुढे सरकतं जिथे त्रिकोण रुंद आहे, रिकामी असताना ते मागे असतं जिथे त्रिकोण अरुंद आहे. म्हणून रिकामी फोर्कलिफ्ट, फोर्क वर ठेवलेले, स्पीडमध्ये वळण, हे तीन एकत्र आले की गेली. आणि पोरं नेमकं हेच करतात, माल ठेवून परत येताना मोकळी आहे म्हणून सोडतात. मोकळीच जास्त जपा.

स्टेअरिंगचं पण तसंच उलटं. वळतात मागची चाकं. कार आणि टेम्पोमध्ये नाक वळतं आणि मागचा भाग मागून येतो, इथे नाक जिथल्या तिथे राहतं आणि ढुंगण फिरतं, बाहेरच्या बाजूला, आणि भरपूर फिरतं. माझ्या पहिल्या आठवड्यात मी पॅलेट (ज्या फळ्यांच्या चौकटीवर माल रचतात ती) घेऊन डावीकडे वळलो, पुढे सगळं क्लिअर बघितलं, आणि मागून काउंटरवेटने चहाचं टेबल उडवलं. थर्मास, कटिंगचे ग्लास, ग्लुकोजचा पुडा, सगळं लादीवर. चहावाला छोटू दोन सेकंद आधी तिथून हलला होता म्हणून आज हे हसत लिहितोय. तर वळायच्या आधी खांदा वळवून मागे बघायचं, ज्या बाजूला वळताय त्याच्या विरुद्ध बाजूला कोण आहे ते. रॅकच्या गल्लीत शिरताना आतल्या बाजूला जवळ राहून मागे भरपूर जागा सोडा. पहिले दोन-तीन दिवस रिकाम्या जागेत चार ड्रम ठेवून नुसते आठचे आकडे काढा, कोणी हसलं तर हसू दे.

सकाळी चावी फिरवायच्या आधी पाच मिनिटं मशीनभोवती फिरायचं. टायर बघा, सॉलिड असला तरी तुकडे निघालेले असतात. फोर्कचा जो कोपरा असतो, जिथे तो आडव्याचा उभा होतो, तिथे टॉर्च मारून केसासारखी भेग आहे का बघा, क्रॅक तिथेच येते. तोच भाग जमिनीवर घासून घासून बारीक होतो आणि मूळ जाडीच्या १० टक्के झिजला की तो फोर्क बाद, कारण तेवढ्या झिजेने ताकद साधारण २० टक्के कमी होते. फोर्कला वेल्डिंग मारून परत वापरायचं काम गल्लीतला वेल्डर हसत करून देईल, तुम्ही करून घेऊ नका. मास्टच्या दोन्ही चेनी सारख्या ताणलेल्या आहेत ना. ऑइलचा पाइप गळतोय वाटलं तर हात फिरवून शोधायचं नाही, हायड्रॉलिकच्या प्रेशरने ऑइल सुईसारखं कातडीत घुसतं आणि बाहेरून नुसता बारीक ठिपका दिसतो पण आतून बोट जाऊ शकतं, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. लागलंच तर दुखत नाही म्हणून घरी न जाता तडक हॉस्पिटल. मग चालू करून हॉर्न, ब्रेक, हँडब्रेक, रिव्हर्सचा बझर, लिफ्ट, टिल्ट (मास्ट पुढे-मागे झुकवणं), सगळं एकेकदा. काही खराब निघालं तर रजिस्टरला लिहा आणि मशीन उभी करा. "आजच्या दिवस चालव" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या थडग्यावर तेच लिहा. लिहून सही घ्यायला लागलात ना की ते वाक्य आपोआप कमी होतं, करून बघा.

चढायचं कसं ते पण सांगतो, हँडल पकडून, एक पाय पायरीवर, समोर तोंड करून, स्टेअरिंगला लोंबकळून नाही. उतरताना उडी नाही, गुडघे माझ्यासारखे होतील. आणि बेल्ट. बेल्ट कशाला ते पुढे येतंय.

माल उचलायचा म्हणजे पॅलेटसमोर सरळ यायचं, तिरकं नाही, थांबायचं, फोर्क दोन्हीकडे सारखे आणि जमतील तेवढे रुंद करायचे, मास्ट उभा, मग फोर्क आत पूर्ण, पॅलेटची पाठ फोर्कच्या पाठीला टेकेपर्यंत. अर्धवट घुसवून उचललं की लोड सेंटर लांब गेलं, वरचा हिशोब आठवा. पण पलीकडे फोर्कचं टोक बाहेर येऊन मागच्या पॅलेटला भोसकत नाहीये ना ते पण बघा, आमच्याकडे साबणाच्या लिक्विडचे कॅन असे कितीतरी फुटलेत. थोडं उचला, थांबा, माल सरळ आहे का, फळी मोडत नाही ना, मग मागे बघून रिव्हर्स, मग खाली आणि मागे टिल्ट. जंबो बॅग, म्हणजे पट्टे असलेली मोठी गोणी, फोर्कला लटकवून नेता तेव्हा ती झोके खाते, तिथे पायी चालण्याच्या स्पीडनेच जायचं, आणि फोर्कच्या धारेला पट्टे कापले जातात हे लक्षात ठेवा.

चालवताना फोर्क जमिनीपासून वीतभर, १५ ते २० सेंटीमीटर, त्याच्या वर नाही, मग माल असो नसो. माल वर घेऊन गाडी चालवणं म्हणजे डोक्यावर हंडा घेऊन लोकलच्या पायऱ्या पळत उतरणं. ब्रेक हळू, कारण पॅलेट पुढे कुठे बांधलेलं नसतं, जोरात ब्रेक मारलात तर मशीन थांबते आणि माल जातो. समोर माल इतका उंच की काही दिसत नाही तर रिव्हर्स चालवा, मान वळवून, आरशात बघून नाही. कोपरा आला की हॉर्न, शटर आलं की हॉर्न, पण सतत हॉर्न वाजवत फिरू नका, लोक ऐकणं सोडून देतात, मुंबईकराला हॉर्नचं काय सांगायचं.

शटरवरून अजून एक गोष्ट, ही मला कोणी शिकवली नाही. भर दुपारी यार्डातल्या उन्हातून गोडाऊनमध्ये शिरलात की काही सेकंद डोळ्यांना काहीच दिसत नाही, नुसता काळोख. त्याच काही सेकंदात आत कोणीतरी हँड पॅलेट ओढत असतो. म्हणून शटरच्या उंबऱ्यावर मी पूर्ण थांबतो, तीन-चार श्वास, मग आत. मागून ट्रकवाले शिव्या घालतात, घालू देत.

आणि पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या साइडला शटरच्या आत दहा-बारा फूट ओलं असतं, त्यावर सिमेंटची नाहीतर पावडरची धूळ पडली की लगदा होतो आणि सॉलिड टायर त्याच्यावर साबणासारखा घसरतो. तिथे गोणपाट टाकू नका, तो चाकात गुंडाळतो, वायपरने पाणी काढून घ्या आणि स्पीड पायी चालण्याएवढा. पाणी साचलं असेल तर त्याच्यातून मशीन घालायची नाही, खाली झाकण आहे की उघडं चेंबर हे पाण्यावरून कळत नाही.

रॅम्पचा नियम पोरं उलटा पाठ करतात म्हणून सावकाश वाचा. माल असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला. म्हणजे चढताना सरळ पुढे, उतरताना रिव्हर्समध्ये. रिकामी असेल तर बरोबर उलटं, फोर्क उताराच्या बाजूला, म्हणजे चढताना रिव्हर्स आणि उतरताना सरळ. कारण परत तराजूच, जड बाजू वर ठेवायची. रॅम्पवर वळायचं नाही, आडवं तर अजिबात नाही, तो त्रिकोण तिथे आधीच कलंडलेला असतो.

आता ट्रक. मुंबईत किती गोडाऊनना नीट डॉक, म्हणजे ट्रकच्या उंचीचा ओटा, असतो सांगा, बऱ्याच ठिकाणी ट्रक रस्त्याला लावून साइडचा फाळका उघडून काम चालतं. डॉक असेल तिथे सगळ्यात मोठा धोका ट्रक सरकण्याचा. फोर्कलिफ्ट ट्रकच्या आत जाते-येते, प्रत्येक ब्रेकला ट्रकला पुढे धक्का बसतो, हँडब्रेक जुना असतो, आणि ट्रक बोटबोट पुढे जात राहतो. एका जुलैत रात्रपाळीला मी कंटेनर खाली करत होतो, वीस-बावीस पॅलेट झाले होते, प्रत्येक फेरीला डॉक आणि ट्रकमधल्या फटीवर टाकलेली लोखंडी प्लेट थोडी जास्त वाजते असं वाटत होतं पण डोक्यात घरी जायची घाई. मग खाली उतरून बघितलं तर प्लेटचं टोक ट्रकवर चार बोटं उरलं होतं. चार बोटं. पुढची फेरी घेतली असती तर पुढची चाकं त्या फटीत. ड्रायव्हर केबिनमध्ये पंखा लावून झोपला होता, त्याला उठवलं तर म्हणतो गियरमध्ये आहे ना साहेब. तेव्हापासून माझा नियम, ट्रकची चावी माझ्या खिशात, चाकांखाली दोन्ही बाजूला लाकडी ठोकळे मीच लावणार, आणि प्लेटचा आवाज बदलला की उतरून बघणार. घोडा (पुढचं इंजिन-केबिन) सोडून नुसता ट्रेलर उभा असेल तर त्याच्या नाकाखाली भक्कम आधार असल्याशिवाय आत जायचं नाही, वजन पुढे गेलं की तो नाक खुपसतो. ट्रकची फळी सात टन झेलेल का हे पण बघा, जुन्या गाड्यांच्या फळ्या कुजलेल्या असतात आणि वरून प्लायवुड टाकलेलं असतं.

साइडने भरताना एकाच बाजूने सगळं भरू नका, ट्रक कलतो. आणि क्लीनर. क्लीनरला फाळक्यावर उभं राहून "आन दो आन दो" करायची सवय असते, तो पॅलेट आणि पलीकडच्या मालाच्या मधे उभा असतो. मी त्याला खाली उतरवतो, मला दिसेल अशा जागी उभा करतो आणि सांगतो की इशारा एकच माणूस करणार. तो दिसायचा बंद झाला की मी थांबतो.

रॅकवर ठेवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते हाताला बसतं. रॅकसमोर येऊन थांबूनच वर न्या, जाता जाता नाही, वर नेलेला माल पुढे टिल्ट फक्त बीमच्या (रॅकच्या आडव्या पट्टीच्या) वर आल्यावर आणि तो पण हळू, डिझेल मशीनला इंचिंग पेडल (इंच-इंच सरकवायचं) असेल तर तिथे तेच वापरा. रॅकचा खांब ठोकला गेला तर गपचूप निघून जाऊ नका, सांगा. मला माहितीय शेठ पगारातून कापेल म्हणून पोरं सांगत नाहीत. पण वाकलेल्या खांबावर वरचे चार मजले उभे असतात आणि खाली उद्या कोणीतरी जेवायला बसणार असतो.

माणसांचं म्हणाल तर, फोर्कवर माणूस उचलायचा नाही. ट्यूबलाइट बदलायला, वरचा बॉक्स मोजायला, दिवाळीला तोरण लावायला, कशालाच नाही. पॅलेटवर उभा करून तर नाहीच. त्याच्यासाठी रेलिंगवाला पक्का पिंजरा मिळतो, मशीन बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल आणि तो नीट लॉक होत असेल तरच, नाहीतर शिडी आणा. उचललेल्या फोर्कखालून कोणाला जाऊ द्यायचं नाही, फोर्क रिकामा असला तरी. माथाडी मंडळी वर्षानुवर्षं त्याच गाळ्यात काम करतायत, त्यांना मशीनची भीती उरलेली नसते, ते तुमच्या पुढून गोणी घेऊन बिनधास्त जाणार, त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही, पाठीवर गोणी असलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. तुम्ही थांबा, फोर्क जमिनीला टेकवा, नजरानजर होऊ दे, तो गेला की निघा.

आता बेल्ट. मशीन बाजूला कलंडायला लागली की अंग आपोआप उडी मारायला बघतं, आणि ज्या बाजूला मशीन पडते त्याच बाजूला माणूस उडतो, मग डोक्यावरची ती लोखंडी जाळी त्याच्यावरच येते. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून उडी मारायची नाही. बेल्ट लावलेला असू दे, स्टेअरिंग घट्ट धरा, पाय दाबून रोवा, आणि ज्या बाजूला पडतेय त्याच्या उलट बाजूला झुका. सेकंद-दोन सेकंदांचा खेळ असतो, विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून उभ्या मशीनवर बसून चार वेळा सराव करा, वेड्यासारखं दिसेल पण करा. उभ्याने चालवायच्या रीच ट्रकचं (अरुंद गल्लीत उंच रॅकला लागणाऱ्या मशीनचं) वेगळं असतं, तिथे मागे मोकळं असतं आणि बऱ्याच मशीनमध्ये मागे पाय टाकून बाहेर व्हायचं असतं, ते तिच्या बुकमध्ये बघून घ्या.

बॅटरीवाल्या मशीनचं थोडं. बंद गाळ्यात डिझेल चालवली की धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास नसतो, नुसतं डोकं धरतं, म्हणून आत बॅटरीचीच बरी. पण ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत ४ टक्के झाला तरी तो पेटू शकतो. चार्जिंगच्या जागी खिडकी उघडी, बिडी-सिगरेट नाही, हातातलं कडं-अंगठी काढून, आणि डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर टाकायचं, आधी भरलं की ते फुगून ॲसिडसकट बाहेर येतं. बॅटरीच्या आतल्या प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच. आणि एक गंमत, ती बॅटरी पण तराजूतलं वजन आहे. एकाने पैसे वाचवायला हलकी बॅटरी बसवून घेतली आणि मग विचारत होता मशीन हल्ली नाक का टाकते. बॅटरीचं कमीत कमी वजन त्या पुसलेल्या प्लेटवर लिहिलेलं असतं.

ट्रेनिंग कुठे घ्यायचं विचाराल तर नुसतं माझ्यासारख्याकडून ऐकून भागत नाही, सर्टिफिकेट लागतं आणि लागायलाच हवं. सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं हेडऑफिस आहे, १९६६ साली ४ मार्चला ती कौन्सिल निघाली म्हणून आपण दरवर्षी त्या दिवशी बिल्ले लावून सुरक्षेची शपथ घेतो आणि ५ मार्चला परत "आजच्या दिवस चालव". कोर्सची चौकशी तिथून सुरू करा. आणि मशीन गेटबाहेर रस्त्यावर काढायची असेल तर आरटीओचा विषय येतो, टेम्पोच्या लायसनवर चालतं असं धरून चालू नका.

शिफ्ट संपली की मशीन कुठेही टाकून पळायचं नाही. फायरचा सिलिंडर, मीटरचा पॅनल, बाहेरचा दरवाजा, ह्यांच्यासमोर नाही, रॅम्पवर नाही. फोर्क जमिनीला पूर्ण टेकवा, मास्ट थोडा पुढे टिल्ट करून टोकं पण टेकू देत, नाहीतर अंधारात कोणाची तरी नडगी जाणार. न्यूट्रल, हँडब्रेक, बंद, चावी काढा. चहाला पाच मिनिटं गेलात तरी चावी काढा, कारण ऑपरेटर चहाला गेला की कोणीतरी लोडर "बघू जरा" म्हणून चढतोच. मी चावी नाडीने गळ्यात घालतो, बायको म्हणते मंगळसूत्र घातल्यासारखं दिसतं. त्या नवीन पोराला अजून चावी दिलेली नाही, सध्या तो ड्रमभोवती आठ काढतोय, काल चौथा ड्रम पाडला.